कुर्डीची माई

इब्रामपूर हा पेडणे तालुक्यातला, महाराष्ट्राच्या हद्दीलगतचा गाव. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला वय विचारले तर आकडा मिळत नाही, खुणा मिळतात. नाकेबंदी झाली तेव्हा थोरला रांगत होता, गोवा सुटला तेव्हा तिसरे पोटात होते, एवढ्यावरून आपण हिशेब करायचा. आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या घराघरांतून अशी शतकाला टेकलेली आयुष्ये निघून गेली आणि मागे कागदाचा कपटाही राहिला नाही. म्हणूनच ज्या गोमंतकीय आईच्या आयुष्याचे टप्पे नीट नोंदले गेले आहेत, तिच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. ती पेडण्याची नव्हे. गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाची, सांगे तालुक्यातील कुर्डीची. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर.

त्यांचा जन्म १५ जुलै १९०४ चा. पण ही कथा सुरू होते ती त्यांच्या आईपासून, जयश्रीबाईंपासून. मुलीने मोठी गायिका व्हावे हा त्या माउलीचा ध्यास. मुलीला घेऊन ती जांबावलीच्या देवळात गेली, तिथे एका हरिदासाकडून तिला चार भजने शिकवली आणि मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत तिला दाखल केले. १९१४ साली जयश्रीबाई वारल्या. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. आईची इच्छा तेवढी तिच्या पदरात राहिली.

पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत ‘सौभद्र’मधली सुभद्रा, ‘पुण्यप्रभाव’मधली किंकिणी अशा भूमिका झाल्या. मग कंपनी सुटली, दुखणे आले, आणि उपचारासाठी त्या सांगलीला गेल्या. तिथेच अल्लादियाखाँसाहेब रोज घरावरून जाताना त्यांचे गाणे ऐकत आणि एके दिवशी स्वतःच आत आले, असे सांगतात. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा महर्षी आपण होऊन शिकवायला बसला. पण खाँसाहेब मुंबईला गेले, त्यांच्यामागोमाग मोगूबाईही गेल्या, आणि तिथे इतर शिष्यांचा विरोध उभा राहिला. काही काळ त्या आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँकडे शिकल्या. ते खाँसाहेबांना रुचले नाही. दुसऱ्या घराण्याचे गाणे नको, असे त्यांनी बजावले आणि आपले बंधू हैदरखाँ यांच्याकडे तालीम लावून दिली. तीही खंडित झाली. अखेर १९३४ मध्ये खुद्द अल्लादियाखाँचा गंडा बांधला गेला. सांगलीतल्या पहिल्या तालमीपासून तोवर बारा-पंधरा वर्षे उलटली होती.

या वर्षांतच त्यांचा माधवदास भाटिया यांच्याशी विवाह झाला, तीन मुले झाली. थोरली किशोरी सहा-सात वर्षांची असताना पती गेले. मुंबईसारखे शहर, पदरी तीन लेकरे, आणि कमाईचे साधन एकच, गळा. गोव्यातून मुंबईला गेलेल्या आपल्या कलावंत स्त्रियांनी काय सोसले, हे आपल्याकडे अजूनही कुजबुजीच्याच आवाजात बोलले जाते. किशोरीताईंनी मात्र ते मोकळेपणाने सांगितले आहे. आईच्या मागे तानपुरा घेऊन बसणाऱ्या या मुलीने तिसऱ्या वर्गाचा प्रवास पाहिला, कार्यक्रमाच्या ठिकाणी मिळणारी हलकी वागणूक पाहिली, तुटपुंजी बिदागी पाहिली. पुढे किशोरी आमोणकर मैफलीत मान राखून घेण्याबाबत फार कडक, असा जो बोलबाला झाला, त्याचे मूळ इथे आहे. लोक त्याला अहंकार म्हणत. मला ते लेकीने आईच्या वतीने केलेले उट्टे वाटते.

आणि ही आई मायाळू होती का? आपण ज्याला मायाळू म्हणतो त्या अर्थाने नसावी. स्थायी-अंतरा त्या दोनदाच गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही. पकडायचे ते तेवढ्यातच पकडायचे. व्ही. शांताराम यांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) साठी लेक गायली तेव्हा माईंनी कडाडून विरोध केला. घरात गुरू आधी आणि आई नंतर. त्या मुलीच्या वाट्याला यातून किती एकटेपण आले असेल, ते तिचे तिलाच ठाऊक.

पण एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. ज्या बाईला दुसऱ्या घराण्याकडे वळू नकोस म्हणून बजावले गेले, तिनेच आपल्या लेकीला गोमंतकाच्याच अंजनीबाई मालपेकरांकडे, म्हणजे भेंडीबाजार घराण्याकडे पाठवले. आग्र्याच्या अन्वर हुसेनखाँकडे पाठवले. जे दार आपल्यासाठी बंद झाले ते लेकीसाठी आपल्या हाताने उघडले. किशोरीताईंच्या गाण्यात घराण्याची चौकट ओलांडून जे आले, त्याचे श्रेय त्यांच्या बंडखोरीला दिले जाते. थोडे माईंनाही द्यायला हवे.

१९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९७४ मध्ये पद्मभूषण. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर असे शिष्य तयार झाले. लेकीचे वैभव त्यांनी डोळ्यांनी पाहिले, नातवंडे पाहिली. १० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत त्या गेल्या, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

त्यांच्या हयातीतच कुर्डी मात्र गेली होती. साळावली धरणासाठी सुमारे सहाशे कुटुंबे वाडे आणि वाळकिणीला हलली आणि १९८० च्या दशकात गाव पाण्याखाली गेला. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईच्या नावात तेवढा तो उरला. आता दर मे महिन्यात पाणी ओसरते, घरांची जोती उघडी पडतात, आणि कुर्डीकर मंडळी सोमेश्वराच्या उत्सवाला परत येतात. चिखल सुकलेल्या त्या वाटांवरून म्हाताऱ्या बायका नातवंडांचा हात धरून चालतात आणि कोणाचे घर कुठे होते ते दाखवतात. जूनमध्ये पाऊस लागला की पाणी पुन्हा चढू लागते.