दप्तर कोणाच्या हाती?

टपालाचा पत्ता आठवा: नाव, गल्ली, नवीन जालना, महाराष्ट्र, भारत. लहानाकडून मोठ्याकडे. संगणकाच्या डिरेक्टरीतही माणसाची नोंद अशीच लिहितात.

१९८८चं एक्स.५०० हे प्रमाण फार अवजड होतं. १९९३मध्ये मिशिगन विद्यापीठातले टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी सुटसुटीत एलडॅप मांडलं. पुढे तिथेच स्लॅपडी घडला, म्हणजे पडद्यामागे अखंड चालणारा डीमन. १९९८पासून ओपनएलडॅप प्रकल्प तो सांभाळतो. आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांना एलडॅप खातं मिळतं.

आधी सगळे नियम एका साध्या फाइलीत असत. टर्मिनलवर 'एफ' पर्यायानं ती फाइल दाखवायची, 'एच'नं कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगायचं, 'डी' दिला की तो काय करतोय ते समोर दिसत राहतं. नियम बदलला की डीमन बंद करून पुन्हा सुरू करायचा.

२.३ आवृत्तीपासून मात्र नियमही डिरेक्टरीतल्याच नोंदी झाले; चालत्या सेवेत बदलता येऊ लागले. सोय मोठी. पण बघा, पूर्वी गावचं दप्तर कुळकर्णी लिही. दप्तराचे नियम तो ठरवत नसे. इथं दोन्ही एकाच सेवेत आले. म्हणून पासवर्ड कोणी वाचायचे आणि नियम कोणी बदलायचे, हे आधी ठरवा. हा प्रश्न यंत्राचा नाही, सत्तेचा आहे.