गाडीने काय खावे, हे कोण ठरवते?
(कोकणातील वाहनांच्या इंधनाचा आणि त्यामागच्या नियमांचा मागोवा)

बैलाने काय खावे हे बैलाच्या पोटावर ठरते. मोटारीचे तसे नाही. कर किती, परवाना कोणाला, इंधन कोणत्या भावाने आणि कोणत्या गावात मिळते, यावरून तिचे खाणे ठरते. इंजिनाचा विचार त्यानंतर येतो. गेली काही वर्षे मी रत्नागिरीत बसून जुनी राजपत्रे, शासन निर्णय आणि निकालपत्रे या एकाच प्रश्नासाठी चाळतो आहे. विजेच्या गाड्यांची चर्चा आज घरोघरी आहे. पण सरकारने गाडीला ‘हे खाऊ नको, ते खा’ असे सांगण्याची ही पहिली वेळ नव्हे.

पहिली वेळ दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ मध्ये हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. कुपनावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये प्रवासी मोटारींचा धंदा चालणे कठीण झाले आणि कोळशाच्या गॅसचा मार्ग पुढे आला. गाडीच्या मागे किंवा बगलेला लोखंडी पिंप बसवायचे, त्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि हवा मुद्दाम अपुरी सोडायची. कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो गाळून, थंड करून इंजिनात घ्यायचा. या गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास नायट्रोजनच असल्याने त्याची ताकद बेताची. सपाटीला गाडी निभावून नेई, घाटात मात्र जीव टाकी. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट डोळ्यांसमोर आणला तर कोकणापुढची अडचण वेगळी सांगायला नको. चढणीला उतारूंनी खाली उतरून चालायचे आणि क्लीनरने पहाटे उठून हाताने पंखा फिरवत भट्टी पेटवायची, अशा आठवणी जुन्या माणसांकडून मी ऐकल्या आहेत.

या प्रयोगाचा शेवट आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. टंचाई सरली आणि पिंपे भंगारात गेली. नियम टंचाईपोटी आला होता, टंचाईबरोबर गेला. भट्टीपुढे काळवंडलेल्या क्लीनरचा किंवा कोळशासाठी तुटलेल्या झाडांचा हिशेब कोणी मांडून ठेवला नाही.

पुढचा काळ डिझेलचा. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे एसटी कोकणातल्या वाडीवस्तीपर्यंत पोहोचली. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जिथे गावे डोंगरउतारावर विखुरलेली आणि बाजार तालुक्याला, तिथे सामान्य माणसाचे इंधन म्हणजे एसटीचे डिझेल. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, तोही डिझेल इंजिनांवर. मात्र पुढच्याच वर्षी या रेल्वेने एक शहाणपणाची गोष्ट केली. भरलेले ट्रक वाघिणीवर चढवून कोलाड ते वेर्णा नेण्याची ‘रो-रो’ सेवा तिने सुरू केली. ट्रक तोच आणि डिझेलही तेच, पण एवढ्या प्रवासात ते जळत नाही. वाहन न बदलता इंधन वाचवण्याचा हा मार्ग धोरणांच्या चर्चेत क्वचितच आठवला जातो. २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, म्हणजे विजेवरचे पहिले मोठे वाहन आमच्या जिल्ह्यात रुळांवरून आले.

मधल्या काळात गॅसही आला, पण आडवाटेने. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाचे नाव एन्रॉनमुळे जगाला ठाऊक झाले. तिथल्या धक्क्यावर द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजे २०१३ पासून लागू लागली. लाटारोधक बांध अपुरा असल्यामुळे अनेक वर्षे पावसाळ्यात हे काम थांबत असे. दाभोळहून निघालेली वाहिनी त्याच वर्षी थेट बंगळूरपर्यंत पोहोचली. आमच्या किनाऱ्यावर उतरलेला वायू घाट चढून परराज्यात गेला. जिल्ह्यातल्या रिक्षांना सीएनजी मिळू लागला तो पुष्कळ नंतर. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. ही सवलत सरसकट होती. पण जिथे पंपच दूर, तिथे स्वस्त दराचा फायदा कोणाला?

आता विजेच्या गाड्या. महाराष्ट्राचे पहिले धोरण २०१८ चे. २०२१ च्या सुधारित धोरणाने २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के वाहने विजेची असावीत असे लक्ष्य ठेवले. रस्ता कर माफ झाला आणि बॅटरीच्या क्षमतेनुसार अनुदान ठरले: दर किलोवॉट-तासाला पाच हजार रुपये, दुचाकीला कमाल दहा हजार. सार्वजनिक वाहतुकीसाठी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद आणि अमरावती ही सहा शहरे निवडली गेली. चार्जिंगने सज्ज करायचे महामार्गही ठरले: मुंबई–पुणे, मुंबई–नाशिक, मुंबई–नागपूर, पुणे–नाशिक. या दोन्ही याद्यांत कोकण नाही. मुंबई–गोवा महामार्गाची रखडकथा वाचकांना ठाऊक आहेच. इथेही तो मागेच राहिला.

२०२५ च्या नव्या धोरणाने ही त्रुटी काही अंशी भरून काढली. १,९९३ कोटींची तरतूद, २०३० पर्यंत तीस टक्क्यांचे लक्ष्य आणि राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय, असे त्यात म्हटले आहे. मुंबई–गोवा महामार्ग हाही राष्ट्रीय महामार्गच, म्हणून या ओळीकडे आम्ही आशेने पाहतो. पथकरमाफी मात्र मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर आली. चाकरमान्यांना त्यांतला अटल सेतू तेवढा गावी येता-जाता उपयोगी.

कोकणी घराला एक फायदा आहे, तोही सांगितला पाहिजे. शहरातल्या सोसायटीत चार्जरच्या जागेवरून भांडणे होतात. इथे स्वतःची पडवी आहे आणि तिथे प्लग लावायला कोणाची परवानगी लागत नाही. दुसरीकडे, पावसाळ्यात झाड तारेवर पडले की दोन-दोन दिवस गाव अंधारात असते. पण सवलतींचा मुख्य दोष याहून खोल आहे. करमाफी असो वा अनुदान, ते गाडी विकत घेणाऱ्यालाच मिळते. ज्याचे पोट गाडीवर आहे पण खिशात पैसे नाहीत, त्याचे नाव या यादीत नसते.

ते नाव एका नियमात आले, तेही कोकणातच, पण कोर्टाच्या दारातून. माथेरान रायगड जिल्ह्यात. तिथे रुग्णवाहिका सोडली तर मोटारवाहनांना बंदी. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. पर्यटकांना ही शांतता हवीहवीशी. पण दस्तुरी नाक्यापासून वरचे ओझे घोडे वाहत आणि हातरिक्षा माणसे ओढत. हातरिक्षा चालकांनीच विजेच्या रिक्षेची मागणी लावून धरली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि ५ डिसेंबर २०२२ रोजी सात ई-रिक्षांनी चाचणी सुरू झाली. २०२४ मध्ये न्यायालयाने या रिक्षा मूळ हातरिक्षा चालकांनाच द्याव्यात असे बजावले, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर राज्याने रिक्षा घेऊन त्या भाड्याने द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही त्यात आहे.

१९४१ चा नियम पेट्रोल वाचवण्यासाठी होता. २०१८ पासूनची धोरणे प्रामुख्याने खप वाढवण्यासाठी आहेत. माथेरानच्या आदेशाने ‘ही गाडी कोणाच्या हाती जाणार?’ असे विचारले, आणि तिघांत एवढा एकच फरक मला मोलाचा वाटतो. घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न त्यानेही पुरता सुटलेला नाही, हेही खरे.

रत्नागिरीची मागणी त्यामुळे फार मोठी असण्याचे कारण नाही. १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवरची पहिली ‘शिवाई’ गाडी पुन्हा पुणे–अहमदनगर मार्गावरच धावली. इतिहासाचा मान राखला गेला, ते ठीक झाले. आता घाटरस्त्यांचाही विचार व्हावा. विजेची गाडी उतरताना ब्रेकमधून काही वीज बॅटरीत परत घेते, तेव्हा ज्या आंबा घाटात कोळशाच्या गॅसला धाप लागली असती, त्याच उतारावर तिची थोडी कमाई होईल. आगारात चार्जर, तालुक्याच्या रिक्षा थांब्यावर चार्जिंग आणि जुनी रिक्षा देणाऱ्या चालकाला परवडेल असे भाडे, एवढे तीन मुद्दे जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीत मांडता येण्याजोगे आहेत.