सॉफ्टवेअर चाचणी प्रक्रिया व तिची सुधारणा

सॉफ्टवेअर चाचणी प्रक्रिया : संगणकाला काम नेमून देणाऱ्या आज्ञावलींना समुच्चयाने सॉफ्टवेअर म्हणतात. अशी आज्ञावली ठरल्याप्रमाणे काम करते की नाही, हे तपासण्यासाठी एखादी संस्था योजना, माणसे, साधने व नोंदी यांची जी व्यवस्था उभी करते, ती चाचणी प्रक्रिया होय. एका आज्ञावलीची चाचणी घेणे आणि संस्थेची चाचणी घेण्याची रीत सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दोष सापडतो. दुसरीत तो दोष मुळात का आला आणि आधी का सापडला नाही, याचा शोध घेतला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे दुसरीचा इतिहास दिला असून महाराष्ट्रातील, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील, उदाहरणे घेतली आहेत.

यंत्राचा भाग झिजतो, तुटतो. आज्ञावली झिजत नाही. तिच्यातील दोष पहिल्या दिवसापासून असतो व प्रत्येक प्रतीत तंतोतंत उतरतो. त्यामुळे शंभर नगांतून पाच नग काढून तपासण्याची कारखान्यातील रीत येथे उपयोगी पडत नाही, कारण सर्व नग एकच असतात. नमुना निवडावयाचा तो नगांचा नव्हे, तर आज्ञावलीला पुरवावयाच्या माहितीचा. ही निवड किती अवघड आहे, हे एका साध्या हिशेबावरून कळते. प्रत्येकी ३२ द्विमान अंकांच्या दोन संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली सर्व संभाव्य जोड्यांवर तपासून पाहावयाची ठरविल्यास, दर सेकंदास दहा लक्ष जोड्या या वेगानेही त्या कामास सु. ५ लक्ष ८४ हजार वर्षे लागतील. सर्व काही तपासणे अशक्य असल्याने काय तपासावे, कोणी तपासावे व केव्हा थांबावे, हे आधी ठरवावे लागते. चाचणीमुळे दोषाचे अस्तित्व सिद्ध करता येते, अभाव नव्हे, हे डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास प्रभावीपणे मांडले.

इतिहास : आरंभीच्या काळात आज्ञावली लिहिणारा, ती चालवून पाहणारा व दुरुस्त करणारा मनुष्य एकच असे. चाचणी व दुरुस्ती यांत भेदही मानला जात नसे. आज्ञावलींचा आकार वाढला, तसे नियोजित वेळ व खर्च ओलांडले जाऊ लागले. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या आश्रयाखाली भरलेल्या परिषदेत या अडचणींची उघड चर्चा झाली आणि आज्ञावली-निर्मितीकडे अभियांत्रिकी म्हणून पाहण्याची भूमिका पुढे आली. १९७६ मध्ये आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांनी लिखित आज्ञावली यंत्रावर चालविण्यापूर्वी सहकाऱ्यांच्या छोट्या गटाने ओळीओळीने वाचून तपासण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये ग्लेनफर्ड मायर्स यांनी चाचणीचा हेतूच उलटा करून दाखविला : आज्ञावली चालते हे दाखविण्यासाठी नव्हे, तर ती कोठे मोडते हे शोधण्यासाठी चाचणी करावयाची. आपण लिहिलेली आज्ञावली मोडण्याची इच्छा लेखकाला सहसा होत नाही. म्हणून परीक्षक वेगळा असावा, हा विचार यातून बळावला. चाचणीच्या कागदपत्रांचे पहिले सर्वमान्य अमेरिकन मानक १९८३ मध्ये निघाले.

भारतात या घडामोडींचे पडसाद मुंबईत आधी उमटले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला होता. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) ही संस्था मुंबईत सुरू झाली. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांमधील परस्पर व्यवहारांचा मेळ घालणे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक. त्या काळी यंत्र दुर्मिळ व परदेशातून आणणे कष्टाचे असल्यामुळे आज्ञावली चालवून पाहण्यापेक्षा वाचून पाहणे स्वस्त पडे. १९७४ मध्ये टीसीएसने अमेरिकेतील बरोज कंपनीची रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली रूपांतरित करण्याचे काम घेतले, तेव्हा ती ज्यावर चालावयाची ते बरोजचे यंत्र मुंबईत नव्हतेच. आयसीएल १९०३ या ब्रिटिश बनावटीच्या यंत्रावर रूपांतर करणारी दुसरी आज्ञावली लिहून हे काम पार पाडण्यात आले. कागदावरच्या बारीक तपासणीची सवय येथे तत्त्वापेक्षा टंचाईतून लागली. पुढे यंत्रे मुबलक झाली, तेव्हा ही सवय अनेक ठिकाणी मागे पडली, हे खेदाने नमूद करावे लागते. टीसीएसने १९८१ मध्ये पुणे येथे टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. आज्ञावली न चालवता तिच्या रचनेवरून दोष ओळखणारी साधने तयार करण्याचे काम त्या केंद्रात पुढे झाले.

कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रणाचा वारसा : चाचणी प्रक्रियेच्या सुधारणेची मूळ कल्पना संगणकक्षेत्रातील नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बेल कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला. तयार मालातून वाईट नग वेचून टाकण्याऐवजी माल बनत असतानाच प्रक्रियेवर लक्ष ठेवावे, हे त्याचे सार होय [⟶ गुणवत्ता नियंत्रण]. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. मराठवाड्यात या विचाराला मोठे क्षेत्र मिळाले ते वाळूज येथे. बजाज ऑटो कंपनीच्या तेथील कारखान्याचे उद्‌घाटन १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले आणि त्याला सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने भोवती उभे राहिले. सुट्या भागांच्या अशा उद्योगात चुकीच्या मापाचा भाग मुख्य कारखान्याच्या दारात नाकारला जाण्यापेक्षा पुरवठादाराच्या यंत्रावर, पहिल्या नगाच्या तपासणीतच सापडणे दोघांच्याही हिताचे असते. पाळीच्या आरंभी पहिला नग गेजने तपासून नोंदवहीत सही करणारा कामगार आणि लिहिलेला भाग मुख्य आज्ञावलीत मिसळण्यापूर्वी त्याची चाचणी चालविणारा आज्ञावलीकार एकच काम करीत असतात. आता हे दोन व्यवसाय एकाच वाहनात भेटू लागले आहेत. १२५ घ. सेंमी.हून मोठ्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली व १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ ची धूरमानके लागू झाली. ब्रेकचा दाब व इंधनाचे प्रमाण यांचा निर्णय त्यामुळे बऱ्याच अंशी एका छोट्या नियंत्रकातील आज्ञावलीकडे गेला असून तिचा दोष गेजने मापता येत नाही.

कारखान्यातून संगणकाकडे हा विचार पोहोचण्याची वाट मोठी रंजक आहे. फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ मध्ये एखादी संस्था गुणवत्तेच्या बाबतीत किती प्रौढ आहे, हे पाच पायऱ्यांत दाखविणारा तक्ता प्रसिद्ध केला. आयबीएममध्ये दीर्घकाळ काम केलेले वॉट्स हम्फ्री यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर एंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्याला आज्ञावली-निर्मितीचे रूप दिले. यातून क्षमता-प्रगल्भता प्रतिमान तयार झाले. त्याची १९९३ मधील आवृत्ती जगभर वापरात आली. या प्रतिमानात चाचणीला स्वतंत्र स्थान फारसे नाही, अशी तक्रार होऊ लागल्यावर शिकागो येथील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इलिन बर्नस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केवळ चाचणीसाठी पाच पायऱ्यांचे प्रतिमान मांडले. पहिल्या पायरीवर चाचणी व दुरुस्ती यांची सरमिसळ असते. दुसऱ्या पायरीवर चाचणी हा आखलेला वेगळा टप्पा होतो. तिसऱ्यावर ती मागण्या लिहिण्याच्या वेळेपासूनच कामात गुंफली जाते. चौथ्यावर तिचे मापन होते. पाचव्यावर सापडलेल्या दोषांच्या नोंदींवरून पुढील दोष टाळले जातात. नेदर्लंड्समध्ये याच सुमारास मार्टिन पॉल व टिम कोमेन यांनी चाचणीची निरनिराळी अंगे स्वतंत्रपणे मोजणारी दुसरी पद्धती विकसित केली. व्यवहारात ती अधिक सोयीची वाटते, कारण एखादी संस्था नोंदी ठेवण्यात पुढे व साधनांत मागे असू शकते आणि एकच पायरी सांगितल्याने हा भेद झाकला जातो.

भारतीय कंपन्यांनी ही प्रतिमाने अत्यंत उत्साहाने स्वीकारली. हजारो मैलांवरच्या अपरिचित ग्राहकाला विश्वास वाटावा, यासाठी प्रमाणपत्राहून सुलभ साधन नव्हते. २००४ मध्ये टीसीएसने सर्व केंद्रांसह संस्था म्हणून पाचवी पायरी गाठल्याचे जाहीर केले. त्या वर्षांत जगातील पाचव्या पायरीवरील संस्थांमध्ये भारतीय संस्थांचा वाटा फार मोठा होता. यातून शिस्त व लेखी नोंदींची परंपरा निर्माण झाली, हे निःसंशय. तथापि प्रमाणपत्र हे रीत पाळली जात असल्याचे असते, वस्तू निर्दोष असल्याचे नव्हे. ४ जून १९९६ रोजी यूरोपीय एरियान-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाला. दोष ज्या आज्ञावलीत होता, ती एरियान-४ मध्ये विश्वासार्ह ठरलेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्याहून बराच अधिक होता, त्यामुळे एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या सोळा द्विमान अंकांच्या जागेत मावली नाही. आणि नव्या उड्डाणमार्गाची माहिती देऊन त्या भागाची चाचणी घेतलेलीच नव्हती. कडक पद्धती असलेल्या संस्थेतही जुन्या यशामुळे एखादी चाचणी अनावश्यक वाटू शकते. अणुभट्ट्यांसारख्या ठिकाणी म्हणूनच स्वतंत्र पडताळणीचा आग्रह धरतात. मुंबई येथील अणुऊर्जा नियामक मंडळाने दाबयुक्त जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील संगणकीय यंत्रणांसाठी २०१० मध्ये मार्गदर्शिका काढली आहे.

योग्य उत्तर कोणाला ठाऊक? : प्रत्येक चाचणीत मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहावे लागते. हे अपेक्षित उत्तर कोठून आणावयाचे, हा चाचणीशास्त्रातील सर्वांत चिवट प्रश्न होय. प्रतिमानांच्या ग्रंथांत त्यावर बरेच लिहिलेले असले, तरी महाराष्ट्रात त्याचे एक ठळक उदाहरण गावच्या चावडीवर घडले. सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण झाल्यावर हस्तलिखित व संगणकीय उताऱ्यांत तफावती आढळल्या. धारण केलेल्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसेल, तर संगणक ते तत्काळ सांगू शकतो व असे विसंगती-अहवाल तलाठ्यांना मिळतही होते. परंतु वारसाचे नाव गळले आहे किंवा विहिरीची नोंद दुसऱ्या गटात गेली आहे, हे बेरीज बरोबर असताना यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. मराठवाड्यात हा गुंता अधिक असण्याचे कारण ऐतिहासिक आहे. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि येथील जुन्या जमिनीच्या नोंदी, उदा., खासरा पाहणी पत्रक, निराळ्या पद्धतीने ठेवलेल्या आहेत. शासनाने १५ मे ते १५ जून २०१७ या काळात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातील उतारे गावकऱ्यांसमोर वाचून आक्षेप नोंदविण्यात आले. त्यानंतर मूळ अभिलेखाशी ताडून दुरुस्त्या करण्यात आल्या आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उपलब्ध झाले. पीककर्ज, वाटणी व भूसंपादनाचा मोबदला ज्या कागदावर अवलंबून, त्याची स्वीकृती-चाचणी त्या कागदाच्या धन्यासमोर झाली. मोहीम घाईची होती व दुरुस्त्यांचे काम पुढेही चालू राहिले. तरीही तपासनीस कोण असावा, याबाबतचा तिच्यातील निर्णय अचूक होता. उतारे तयार होण्याच्या आरंभीच हे वाचन झाले असते, तर तलाठ्यांचा व शेतकऱ्यांचा पुष्कळ त्रास वाचला असता.

पुनर्चाचणी : वापरात असलेल्या आज्ञावलीत बदल केला की, न बदललेला भागही पुन्हा तपासावा लागतो. संस्थांच्या चाचणी प्रक्रिया सर्वाधिक ढिल्या आढळतात त्या येथेच, कारण बदल क्षुल्लक वाटतो. औरंगाबाद शहराच्या नामांतरास केंद्र शासनाची मान्यता २४ फेब्रुवारी २०२३ रोजी जाहीर झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा व महसूल विभाग यांची नावेही बदलली. परीक्षकाच्या दृष्टीने हा बदल पाहण्यासारखा आहे. रोमन लिपीत जुने नाव दहा अक्षरांचे, तर नवे मधल्या रिकाम्या जागेसह पंचवीस अक्षरांचे होते. नावासाठी वीस अक्षरांचीच जागा राखलेल्या आज्ञावलीत ते कापले जाऊन नेमके ‘छत्रपती संभाजी’ एवढेच उरेल. गावाच्या जागी व्यक्तीचे नाव येईल आणि वाचताना ते चुकीचे वाटणारही नाही. देवनागरीत अडचण वेगळी आहे. युनिकोडच्या प्रचलित साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्णचिन्हास तीन बाइट लागतात. त्यामुळे ‘औरंगाबाद’ या शब्दास २४, तर ‘छत्रपती संभाजीनगर’ यास ४९ बाइट लागतात. अक्षरे मोजून जागा ठेवणारा व बाइट मोजून ठेवणारा यांची उत्तरे येथे फारकत घेतात.

शिवाय सर्व काही एकदम बदलत नाही. वाहननोंदणीची एमएच-२० ही खूण, ४३१००१ हा पिनकोड व विमानतळाचा आयएक्सयू हा संकेत तसेच राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबाद याच नावाने ओळखले जाते. रेल्वे स्थानकाचे नाव मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले आणि त्याचा एडब्ल्यूबी हा संकेत जाऊन सीपीएसएन आला. जुन्या जन्मदाखल्यावर ‘औरंगाबाद’ राहिलेच पाहिजे व दोन्ही नावांनी शोध घेतल्यास तो सापडलाही पाहिजे. नाव बदलण्याची आज्ञा एका ओळीची असली, तरी तिच्यासाठी लिहावयाच्या चाचण्यांची यादी बरीच लांब होते. ज्या संस्थेने मागील बदलाच्या वेळच्या चाचण्या जपून ठेवल्या असतील व त्या यंत्राकडून आपोआप पुन्हा चालवून घेण्याची सोय केली असेल, तिला हे काम काही तासांत करता येते. नसल्यास प्रत्येक वेळी नव्याने आठवावे लागते आणि राहून गेलेली चाचणी बहुधा तिकीट खिडकीवरचा प्रवासी किंवा दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला नागरिक पुरी करतो.