उन्हाची खोली: रोम, कुलाबा, लडाख आणि वऱ्हाडची ओसरी

१/ नांदगाव खंडेश्वरात कोणी उन्हाने घर तापवण्याचा विषय काढला, तर ऐकणारा हसेल. जिथे वैशाखात अंगणात बाज टाकून झोपावे लागते, तिथे घर तापवायचे कशाला? पण अंगणात का झोपावे लागते, या प्रश्नाच्या उत्तरातच त्या विद्येचे अर्धे मर्म आहे.

२/ मातीची जाड भिंत उष्णता सावकाश पिते. बाहेरचे ऊन ती ओलांडून आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. म्हणून दुपारी घर गार लागते आणि रात्री माणसे अंगणात येतात. वऱ्हाडात उन्हाळ्यात हा गुण रात्रीचा जाच होतो. थंड मुलखात तोच वरदान ठरतो. अट एवढीच, की भिंतीला मिळालेली ऊब वाऱ्यावर उडून जाऊ नये. ते काम काचेचे.

३/ हे रोमन लोकांना ठाऊक होते. धाकट्या प्लिनीने आपल्या समुद्रकाठच्या घरातील ‘हेलिओकॅमिनस’चे, म्हणजे सूर्याच्या शेगडीचे, वर्णन केले आहे. तिसऱ्या शतकातील विधिज्ञ उल्पियन याचे मत तर आणखी लक्षणीय: प्रकाशाचा हक्क असलेल्या अशा खोलीचे ऊन शेजाऱ्याने अडवले, तर तो त्या हक्काचा भंग होय. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या विधिसंग्रहात हे मत समाविष्ट झाले. ऊन ही न्यायालयात भांडण्याजोगी मालमत्ता होती.

४/ पुढे १७६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ होरेस द सोस्यूर याने काचेच्या पेट्या एकीत एक बसवून उन्हात ठेवल्या. नंतरच्या, उत्तम आच्छादलेल्या पेटीत तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेले. ऊन काचेतून आत शिरते, पृष्ठभाग तापवते. तापलेली हवा मात्र कोंडून राहते आणि पृष्ठभागाने परत फेकलेली उष्णताही काच सहजी जाऊ देत नाही. सारा खेळ इतकाच.

५/ या कथेतले महाराष्ट्राचे पान सहसा कोणी उघडत नाही. विल्यम ॲडम्स हा मुंबई उच्च न्यायालयातील उपनिबंधक. दिवसा दप्तर, उरलेल्या वेळात सूर्य! आठ आरसे आणि काचेचे आवरण यांच्या साहाय्याने त्याने चूल केली. मुंबईच्या जानेवारीत त्या चुलीवर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला. मग कुलाब्यात आरशांची मोठी मांडणी उभारून त्याने सूर्याच्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. १८७८ मध्ये ‘सोलर हीट’ हे त्याचे पुस्तक मुंबईतच छापले गेले. उष्ण देशांत इंधन दुर्मिळ आणि ऊन मुबलक, हा त्याचा युक्तिवाद आजही शिळा वाटत नाही. पण कोळशाच्या त्या युगात तो ऐकणार कोण?

६/ ॲडम्सच्या पेटीची चूल झाली. तिचेच घर करण्याचा मान अमेरिकेकडे जातो. सेलम येथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स याला खिडकीच्या काचेमागचा गडद पडदा उन्हाने तापून ऊब देताना दिसला. १८८१ मध्ये त्याने काचेमागे गडद पृष्ठभाग ठेवून खोलीत गरम हवा सोडण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. तीही विस्मरणात गेली. १९६७ मध्ये फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब आणि वास्तुरचनाकार जाक मिशेल यांनी काचेमागे जाड काँक्रीटची भिंत उभारली, आणि १९७३ च्या तेलसंकटाने जगाला तिच्याकडे पाहायला लावले.

७/ भारतात ही भिंत रुजली ती लडाखमध्ये. तिथे हिवाळा म्हणजे शेण, झुडपे आणि धुराने भरलेले स्वयंपाकघर. ऊन मात्र स्वच्छ, आणि मातीची भिंत घरचीच. उणीव होती ती काचेची. लेहजवळच्या फे गावी ‘सेकमोल’ संस्थेच्या इमारतींना हिवाळ्यात दक्षिणेकडे पारदर्शक प्लास्टिकचा कक्ष जोडतात आणि उन्हाळ्यात तो काढून घेतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनम वांगचुक यांनी हेच तत्त्व सैनिकांच्या तंबूत आणले. एका तंबूत सुमारे दहा जवान, आणि रॉकेलची शेगडी नाही.

८/ आता पुन्हा वऱ्हाडात. नांदगावचे अक्षांश सुमारे २०.७. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४६ अंशांवर असतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच झुकलेला. म्हणून दक्षिणाभिमुख ओसरीत पौषातले ऊन खोलवर येते, ज्येष्ठातले माध्यान्हीचे ऊन वळचणीलाच थांबते. काच नाही, खर्च नाही. आजी गोधडी घेऊन जिथे बसते ती जागा म्हणजे वऱ्हाडची उन्हाची खोलीच. लडाखचा काचकक्ष इथे जसाच्या तसा आणणे मात्र वेडेपणाचे, आणि पश्चिमेला काच लावणे तर त्याहून.

९/ उल्पियनचा प्रश्न इथेही लागू पडतो. ओसरीच्या दक्षिणेला शेजाऱ्याने तीस फूट उंच भिंत घातली, तर त्या दिवसांत माध्यान्हीलाही तिची सावली सुमारे एकोणतीस फूट पडते. सकाळी आणि कलत्या दुपारी ती याहून लांब असते.