पळती गाडी अडविण्याची विद्या

पळणाऱ्या वाहनास कसें थांबवावें, हा प्रश्न मोटारीच्या फार पूर्वींचा आहे. सराट्याचा कांटा अनवाणी चालणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा. फळ कसेंही पडलें तरी एक टोंक वर राहतेंच. लॅटिन भाषेंत सराट्यास ‘ट्रिब्युलस’ म्हणतात, आणि चार टोंकांच्या एका युद्धसाधनासही रोमन लोक हेंच नांव देत. शत्रूचे पातीं लावलेले रथ दौडत आले, कीं रोमन सैनिक हीं साधनें रणांगणावर फेंकीत व रथांचे घोडे जायबंदी करीत, असें त्यांचा युद्धशास्त्रकार वेगेशियस लिहितो.

अमेरिकेंतील पोलीस रस्त्यावर टाकतात ती खिळ्यांची पट्टी ह्याच कुळांतली. मात्र तिचे खिळे पोकळ असतात. टायरांत रुतलेल्या नळीवाटे हवा हळूहळू निघून जाते, व गाडी एकाएकीं न उलटतां मंदावते. त्या पोकळींत थोडी दया भरलेली आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अशी दया सर्वत्र दिसत नाहीं. १९८४ सालीं कॅलिफोर्नियांतील इन्यो परगण्यांत चोरलेली मोटार घेऊन सुमारें २० मैल पळालेल्या एका इसमाच्या वाटेंत पोलिसांनीं अठरा चाकांची मालमोटार आडवी उभी केली. तो तीवर आदळून मेला. मालमोटार वळणाआड दिव्यांविना उभी होती व पोलीसगाडीचे दिवे मुद्दाम त्याच्या डोळ्यांवर रोखले होते, असें वारसांचें म्हणणें पडलें. असा अडथळा म्हणजे राज्यघटनेच्या दृष्टीनें माणसास पकडणेंच होय, तेव्हां तो वाजवी होता कीं नाहीं हें तपासलेंच पाहिजे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं दिला.

तिसरी रीति अंगलगटीची. ती आरंभीं उचलणाऱ्यांत व्हर्जिनियांतील फेअरफॅक्स परगण्याचे पोलीस होते. पाठलाग करणारा समान वेग राखून आपल्या गाडीचा पुढचा कोपरा पळत्या गाडीच्या मागच्या चाकामागील अंगास टेकवितो आणि सुकाणू तिकडे वळवितो. मागच्या चाकांची पकड सुटून ती गाडी गरकन फिरते. येथें आदळणें नाहीं, ढकलणें आहे. सारी मदार वेगावर. ताशीं ३५ मैलांपलीकडे पुष्कळ पोलीसखातीं ही युक्ति प्राणघातक समजतात.

मार्च २००१ मध्यें जॉर्जिया संस्थानांत १९ वर्षांचा एक तरुण ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशीं ७३ मैलांनीं चालला होता. मूळ अपराध एवढाच. पोलिसांनीं हटकलें, तो थांबला नाहीं, आणि सुमारें दहा मैल पाठलाग चालला. शेरिफच्या हाताखालील अधिकाऱ्यानें वरील युक्तीची परवानगी मागितली, ती मिळालीही. परंतु वेग फार आहे असें पाहून त्यानें ती सोडली व मागून सरळ धक्का दिला. गाडी उतारावरून कोसळली. तरुणाचे हातपाय जन्माचे लुळे पडले.

३० एप्रिल २००७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आठांविरुद्ध एक अशा मतांनीं अधिकाऱ्यास निर्दोष ठरविलें. पाठलागच सोडून दिला असता तर? हा मुद्दाही निघाला. पण तसा नियम केल्यास पळणारे अधिकच बेफाम होतील, म्हणून तो फेटाळला गेला. न्यायमूर्तींनीं पोलीसगाडींतील चित्रफीत स्वतः पाहिली होती व तीवरच मुख्य भर दिला होता. ८७ वर्षांचे न्यायमूर्ति स्टीव्हन्स एकटे विरुद्ध राहिले. अरुंद दुपदरी रस्त्यांवर, समोरून गाड्या येत असतां पुढें जाण्याची संवय असलेल्या पिढींत आपले सहकारी मोटार शिकले असते, तर ती चित्रफीत पाहून ते इतके घाबरले नसते, असें त्यांनीं आपल्या निकालपत्रांत सुचविलें.