सांधेरोपणोत्तर पुनर्वसनाचा इतिहास : रुग्णालयातील खाटेपासून स्मार्टफोन ॲपपर्यंत

प्रस्तावना :
खुबा आणि गुडघा यांच्या सांधेरोपणाचा इतिहास बहुधा शल्यविशारद व कृत्रिम सांधे यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शस्त्रक्रिया काही तासांत संपते. तिच्यानंतरचा व्यायाम मात्र अनेक आठवडे चालतो आणि तो रुग्णालाच करावा लागतो. नवा सांधा बसविल्याने वेदना कमी होते, परंतु चालणे, जिना चढणे, बैठकीवरून उठणे ही कौशल्ये पुन्हा कमवावी लागतात. या दुसऱ्या टप्प्याची देखरेख कोणी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात वारंवार बदलत आले. त्याचे ताजे उत्तर म्हणजे स्मार्टफोनवरील ॲप होय. प्रस्तुत लेखात या बदलाचा ऐतिहासिक आढावा घेऊन त्यातून मिळणारा धडा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

सांधेरोपणाची पार्श्वभूमी :
बर्लिन येथील थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंताचा कृत्रिम गुडघा बसविला. त्यांचे बरेचसे रुग्ण क्षयाने सांधे निकामी झालेले होते व जंतुसंसर्गामुळे हे प्रयोग टिकले नाहीत. १९३८ मध्ये लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी पोलादी खुब्याचे रोपण केले. परंतु या शस्त्रक्रियेला खरे स्थैर्य दिले ते इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्न्ली यांनी. त्यांनी प्रथम वापरलेले टेफ्लॉन लवकर झिजले. त्या अपयशानंतर नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी आणि धातूचा गोलक अशी रचना स्वीकारली. गुडघ्याच्या बाबतीत १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणलेला ‘टोटल कॉन्डिलर’ सांधा निर्णायक ठरला. या सहकाऱ्यांमध्ये इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. त्या निमित्ताने ‘गुडघा बदलणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघरी पोहोचला.

भौतिकोपचार आणि यंत्र :
आरंभीच्या काळात शस्त्रक्रियेनंतर दीर्घ विश्रांती हाच नियम होता. रुग्ण कित्येक दिवस खाटेवर असे व हालचाल सुरू करण्याचा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा असे. दरम्यान भौतिकोपचार ही स्वतंत्र शाखा आकारास येत होती. इंग्लंडमध्ये १८९४ मध्ये प्रशिक्षित मर्दनकार स्त्रियांची संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे या शाखेची गरज सर्वमान्य झाली. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकात पोलिओच्या पार्श्वभूमीवर भौतिकोपचाराच्या शिक्षणास आरंभ झाला. म्हणजेच सांधेरोपणाचा रुग्ण येण्यापूर्वीच त्याला चालावयास शिकविणारा व्यवसाय उभा होता.

१९८०च्या दशकात या व्यवसायाच्या जोडीला एक यंत्र आले. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सांध्याच्या सतत निष्क्रिय हालचालीची संकल्पना मांडली होती. तिच्या आधारे तयार झालेले यंत्र रुग्णाचा पाय आपोआप वाकवीत व सरळ करीत असे. अनेक देशांतील रुग्णालयांनी ते स्वीकारले. मात्र अनेक चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात असे दिसून आले की, गुडघेरोपणानंतर या यंत्राचा नित्य वापर समर्थनीय ठरावा इतका लाभ होत नाही. यंत्राचा प्रसार आधी झाला आणि पुराव्याची छाननी मागाहून. शिवाय यंत्राने हलविलेला पाय आणि रुग्णाने स्वतः हलविलेला पाय यांत स्नायूंच्या दृष्टीने मूलभूत अंतर आहे, ही बाब त्या उत्साहात मागे पडली.

ॲपचा उदय :
१९९०च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवून चालविण्याची पद्धती मांडली व पुढे ती सांधेरोपणातही रूढ झाली. रुग्णालयातील मुक्काम आठवड्यांवरून काही दिवसांवर आला. हा मोठाच लाभ होता. परंतु त्यामुळे व्यायामाची जागा घर झाली आणि देखरेखीचा भार रुग्णावर व कुटुंबीयांवर आला. ॲपचा उदय या रिकाम्या जागेत झाला. २००८ मध्ये ॲपची ऑनलाइन दुकाने सुरू झाली आणि हालचाल मोजणारे संवेदक असलेला फोन सामान्य माणसाच्या खिशात आला. व्यायामाची आठवण करणे, चित्रफीत दाखविणे, पावले व गुडघ्याचा कोन मोजणे, वेदनेची नोंद घेणे ही कामे तो करू लागला. २०१८ मध्ये झिमर बायोमेट या कृत्रिम सांधे बनविणाऱ्या कंपनीने ॲपल कंपनीच्या सहकार्याने असे ॲप जाहीर केले. सांधा विकणारा उत्पादकच पुनर्वसनाच्या क्षेत्रात उतरला, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय. जर्मनीने २०१९ च्या कायद्यान्वये आरोग्यविम्याच्या खर्चातून डॉक्टरांनी ॲप लिहून देण्याचा मार्ग मोकळा केला.

पुराव्याचे स्वरूप :
या वेळी चाचण्या तुलनेने लवकर झाल्या, ही समाधानाची बाब आहे. २०१५ मध्ये कॅनडातील क्विबेक प्रांतात २०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, दूरचित्र संवादाद्वारे घेतलेला व्यायाम प्रत्यक्ष भेटीतील व्यायामापेक्षा कमी प्रतीचा ठरला नाही. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३०० रुग्णांच्या चाचणीतही असाच निष्कर्ष निघाला व खर्चही कमी आला. तथापि या चाचण्यांचे बारकाईने वाचन करणे आवश्यक आहे. क्विबेकमध्ये पडद्याच्या पलीकडे प्रत्यक्ष भौतिकोपचारतज्ज्ञ होता. अमेरिकेतील आभासी प्रशिक्षकावरही तज्ज्ञांची देखरेख होती. सिद्ध झाले ते माणसाच्या हाती असलेल्या साधनाचे सामर्थ्य. माणसावाचूनच्या साधनाविषयी या चाचण्यांवरून काहीही म्हणता येत नाही.

भारतीय संदर्भ :
आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. ती सांध्यापुरती होती. नंतरच्या भौतिकोपचाराचा खर्च तिच्या कक्षेबाहेर राहिला. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. तालुक्याच्या गावी परतणाऱ्या रुग्णास ॲपचा उपयोग होऊ शकेल, यात शंका नाही. परंतु ‘बरे होणे’ म्हणजे काय, हे मोजमापच ठरविते. १९९८ मध्ये तयार झालेल्या ऑक्सफर्ड गुडघा प्रश्नावलीत जेवणानंतर टेबलापाशी खुर्चीवरून उठताना किती दुखते, असा प्रश्न आहे. पाटावर मांडी घालून बसण्याचा प्रश्न तीत नाही. सपाट जमिनीवर चालण्यास गुडघा सुमारे ६० ते ७० अंश वाकला तरी पुरतो. उकिडवे बसण्यास तो ११० अंशांहून बराच अधिक वाकावा लागतो. शेतात निंदणी करणाऱ्या स्त्रीला डॉक्टर उकिडवे न बसण्याचा सल्ला देतात, तेव्हा तिच्या उपजीविकेचाच प्रश्न उभा राहतो. पावले मोजणाऱ्या ॲपला तो दिसत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पुनर्वसनाच्या इतिहासात प्रत्येक नव्या साधनाने श्रमांची पुनर्वाटणी केली; श्रम नाहीसे केले नाहीत. ते खाटेवरून भौतिकोपचार कक्षात आणि तेथून घरात आले. पाय हलविणाऱ्या यंत्राचा अनुभव सांगतो की साधनाचा प्रसार हा त्याच्या उपयुक्ततेचा पुरावा नव्हे. म्हणून ॲपची पारख करताना त्याच्यामागे तज्ज्ञ आहे काय, ते रुग्णाच्या भाषेत बोलते काय, त्याच्या राहणीतील हालचाली मोजते काय आणि जमा झालेली माहिती कोणाच्या ताब्यात जाते, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच ॲपला भौतिकोपचारतज्ज्ञाचा साहाय्यक म्हणता येईल. अन्यथा घरी एकट्या पडलेल्या रुग्णाच्या हाती केवळ आठवण करून देणारी एक घंटा तेवढी उरेल.