डेटा-प्रवेश पद्धती (डेटाबेस स्थलांतरातील)

जुन्या डेटाबेसवरचे सॉफ्टवेअर नव्या डेटाबेसवर नेताना त्याने माहिती कोणत्या वाटेने वाचायची व लिहायची, याची निवड. मुख्य वाटा तीन : सॉफ्टवेअरमधून थेट एसक्यूएल, डेटाबेसातच साठवलेल्या प्रोसीजर आणि मधली वेब सेवा. ओडीबीसी (१९९२) व जेडीबीसी (१९९७) ही डेटाबेस-जोडणीची मानके आल्यापासून नुसता ड्रायव्हर बदलला की काम झाले, असा समज आहे. तो खरा नाही. ओरॅकल रिकामा मजकूर ‘नल’ धरते, पोस्टग्रेएसक्यूएल धरत नाही. त्यामुळे ‘शेरा नाही’ आणि ‘शेरा भरलाच नाही’ यांची गल्लत होते.

महाराष्ट्रात या निवडीची खरी कसोटी लागते ती सातबाऱ्यासारख्या अभिलेखावर. ई-फेरफार प्रणाली आली, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. मराठवाड्यातल्या माहूरसारख्या तालुक्यात मात्र या अभिलेखामागे निजामी राजवटीपासूनचा गुंता आहे. जुन्या हक्कासाठी आजही खासरा पत्रक आणि सेतवार ही जुनी जमीन-अभिलेखपत्रे काढावी लागतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरावर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत, आणि उताऱ्यावर ते दिसतात ‘इतर अधिकार’ रकान्यातल्या एका ओळीत. प्रत्येक स्क्रीन स्वतःचे एसक्यूएल चालवत असेल, तर ती ओळ न तपासणारी एक स्क्रीन कुठेतरी राहून जातेच. म्हणून लिहिण्याची वाट एकच हवी. तलाठ्याची नोंद, त्याच संहितेच्या कलम १५० ची नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन हा सारा क्रम एकाच सेवेत किंवा प्रोसीजरमध्ये बांधावा. वाचण्यासाठी व्ह्यू किंवा वेगळी प्रत पुरते.

उताऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. ते ‘फ्लोट’ या डेटा-प्रकारात ठेवल्यास पोटहिश्श्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळेलच असे नाही, ‘न्यूमरिक’च हवे. नावांचा धोका डोळ्यांना दिसतही नाही. ‘कऱ्हाळे’मधला ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधात मात्र एक सापडते, दुसरे नाही. प्रवेशाच्या दारातच सर्व नावे एका रूपात आणली, तर हा घोळ टळतो.

अशी चूक उताऱ्यावर उतरली की दुरुस्तीसाठी खातेदाराला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो.